'जैन' मंचुरियनचा इतिहास



चातुर्मासातल्या भाज्यांवर लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणींनी फिरून एकच प्रश्न विचारला. "ताई, घरातलं आम्ही सांभाळतो, पण मुलांना बाहेरचं चायनीज हवं असतं. मेनूकार्डावर 'जैन' लिहिलेलं असलं तर खाऊ द्यावं का?"

हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता आलं असतं. पण तसं सांगितलेलं मुलांना पटत नाही आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही पटत नाही. हा पदार्थ आला कुठून, कोणी केला, त्याच्यापुढे 'जैन' हा शब्द कसा लागला, आणि त्या शब्दात आपलं काय मावतं, काय मावत नाही, हे कळलं की उत्तर आपलं आपल्याला सापडतं. म्हणून आज स्वयंपाकघरातून थोडं इतिहासात जाऊ.

चायनीज आलं ते कोलकात्यातून

आपण ज्याला चायनीज म्हणतो ते चीनमध्ये कुणी खात नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. ते बरंचसं खरं आहे. हे जेवण आपल्याच देशातल्या शहरांत घडलं, आणि त्याची पहिली चूल कोलकात्यात पेटली.

अठराव्या शतकाच्या शेवटी टाँग अच्यु नावाचा एक चिनी माणूस बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जकडून त्याला हुगळीच्या काठी, बजबजजवळ जमीन मिळाली. तिथं त्याने उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना काढला आणि काम करायला आपल्या देशातून माणसं आणली. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्याचे चिनी लोक तिथं दर्शनाला जातात.

पुढे बरेच चिनी कोलकात्यात येत राहिले. कुणी सुतारकाम करत, कुणी दात बसवत. 'हाक्का' नावाच्या समाजातले लोक चामड्याच्या धंद्यात शिरले आणि शहराच्या पूर्वेला टांगरा भागात त्यांचे कारखाने उभे राहिले. आपण हॉटेलात 'हाक्का नूडल्स' मागवतो, त्यातला हाक्का म्हणजे हेच लोक. मुलांना एकदा हे सांगून बघा. बऱ्याच जणांना हाक्का म्हणजे नूडल्सचा आकार वाटतो!

चामड्याचा धंदा आपल्याला निषिद्ध. त्यामुळे हे वाचताना मनात जरा चलबिचल होईल, मलाही झाली. पण इतिहास आपल्या सोयीने निवडता येत नाही. ज्या कामाला इतर कुणी हात लावत नव्हतं ते काम या परक्या लोकांच्या वाट्याला आलं. दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी तिथं खानावळी निघाल्या, मग बाहेरचे लोकही जेवायला येऊ लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टांगऱ्यातले चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले. त्यानंतर टांगरा मुख्यतः हॉटेलांसाठीच ओळखला जाऊ लागला.

या कहाणीत १९६२ हे साल विसरून चालणार नाही. चीनशी युद्ध झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले चिनी वंशाचे लोक रातोरात संशयित ठरले. आसाम, बंगाल, दार्जिलिंग भागांतून सुमारे ३,००० जणांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत म्हातारी माणसं होती, लेकुरवाळ्या बायका होत्या, शाळेत जाणारी मुलं होती. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. सुटून आलेल्यांना घरं आणि दुकानं परत मिळाली असंही नाही. पुष्कळ कुटुंबं कायमची देश सोडून गेली. जी राहिली, त्यांतल्या अनेकांनी खाण्याच्या धंद्यावर पुन्हा पाय रोवले.

मुलं कधीकधी ईशान्येकडून आलेल्या किंवा नेपाळी आचाऱ्याला बघून काहीबाही शब्द वापरतात, हसतात. अशा वेळी ही गोष्ट सांगावी. ताटात कांदा आहे का हे बघायचं आणि जिभेवर अपमानाचा शब्द ठेवायचा, ही कसली अहिंसा?

मुंबईत मंचुरियन जन्मलं

मुंबईतही चिनी वस्ती जुनी आहे. माझगावला डॉकयार्ड रोडजवळ १९१९ साली बांधलेलं त्यांचं एक छोटं मंदिर अजून आहे. गोदीत आणि जहाजांवर काम करणाऱ्या लोकांची ती वस्ती होती. पण मुंबईचं म्हणून जे चायनीज देशभर गेलं, त्याचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांना देतात. १९७० च्या दशकात ते मुंबईत आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात असताना कुणीतरी त्यांच्याकडे काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून परतली. आपल्याकडचा कुणी त्यात गरम मसाला घालेल, तिथं त्यांनी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवर लावून दाटपणा आणला आणि तळलेले मांसाचे तुकडे त्यात टाकले. त्याला नाव दिलं मंचुरियन. ईशान्य चीनमधल्या मंचुरियाशी या पदार्थाचा नावापुरताच संबंध.

आता यातलं आपल्या कामाचं काय ते बघा. पहिल्या दिवसापासून हा पदार्थ म्हणजे चिनी बाटलीतला सॉस आणि देशी फोडणी यांची जोडी आहे. आलं, लसूण, मिरचीची फोडणी आपल्याच इकडची. मांसाच्या जागी फ्लॉवर आला, मग पनीर आलं, कोबीचे गोळे आले, आणि प्रत्येक वेळी नाव मंचुरियनच राहिलं. ज्या पदार्थाचा मुख्य घटकच इतक्यांदा बदलला, त्याच्यातून लसूण काढून मागितला तर आपण काही जगावेगळं मागत नाही.

'शेजवान'चंही तसंच. चीनमधल्या सिचुआन प्रांताचं हे नाव. १९७० च्या दशकात मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत सिचुआनी जेवण आलं आणि तिथून तो शब्द गाड्यांपर्यंत उतरला. खऱ्या सिचुआनी स्वयंपाकात एक छोटं वाळलेलं फळ असतं. त्याने जिभेला मुंग्या येतात. कोकणातल्या मैत्रिणींना ते लगेच कळेल, कारण आपलं तिरफळ त्याचंच सख्खं भावंडं आहे. वनस्पतीशास्त्रात दोघांचं कुळही एक आणि प्रजातीगटही एक. गंमत अशी की आपल्या शेजवान चटणीत ते फळ नसतंच. त्यात असते सुकी लाल मिरची आणि भरपूर लसूण. म्हणजे जे मूळ चिनी होतं आणि आपल्याला चाललं असतं ते गेलं, आणि जे आपल्याला चालत नाही ते इथं आल्यावर वाढलं!

आणि मिरची तरी कुठली? ती चीनचीही नाही आणि भारताचीही नाही. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. टोमॅटो आणि बटाटाही तिकडचेच. 'बटाटा' हा आपला शब्द पोर्तुगीजांकडूनच आला. नवीन आलेल्या या तीन पाहुण्यांतले मिरची आणि टोमॅटो आपल्या जैन घरांत राहिले, बटाटा दारातच थांबला. तो परदेशी म्हणून थांबवला नाही. तो जमिनीखाली वाढतो, अनंतकाय आहे, म्हणून थांबवला. आपल्या पूर्वजांनी पदार्थ कुठल्या देशाचा हे न बघता त्यात जीव किती हे बघितलं. नूडल्स असोत, पिझ्झा असो की मोमो, आजही हीच कसोटी लावायची.

'जैन' या शब्दात काय मावतं?

१९८० आणि ९० च्या दशकांत चायनीज मोठ्या हॉटेलांतून रस्त्यावर आलं. लाल गाडी, मोठा गॅस, काळी कढई. चायनीज भेळ आणि ट्रिपल शेजवान हे तर आपल्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवरचेच पदार्थ. याच काळात मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत जैन कुटुंबं जेवायला जाऊ लागली होती आणि "कांदा-लसूण नको" हे वाक्य वेटरांच्या कानावर रोज पडत होतं. रोज तेच ऐकल्यावर मालकांनी ते छापूनच टाकलं. जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चं केळं आलं, जैन पिझ्झा आला, जैन मंचुरियन आलं. विमानात जेवण नोंदवतानासुद्धा 'व्हीजेएमएल' असा संकेत आहे. त्यातला 'जे' म्हणजे आपण.

हे कुणी कायदा करून दिलेलं नाही. आपल्या आया-सासवांनी, काकूंनी आणि वहिनींनी संकोच न करता विचारलं म्हणून ते मिळालं. त्याचं मला कौतुक आहे.

पण लक्षात घ्या, हा शब्द हॉटेलवाल्याने लिहिलेला आहे. त्याच्या लेखी 'जैन' म्हणजे कांदा नाही, लसूण नाही, फार तर बटाटा नाही. आपल्या लेखी त्या शब्दाचा अर्थ याहून खूप मोठा आहे. गाड्यावरच्या 'जैन' मंचुरियनच्या गोळ्यात कोबीबरोबर गाजर किसलेलं असतं. गाजर कंदमूळ आहे हे आचाऱ्याच्या गावीही नसतं. शेवटी वरून हिरवंगार काहीतरी भुरभुरतात, ती कोथिंबीर नसून कांद्याची पात असते. ओलं आलं तर हमखास घालतात. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त मुळा आणि ओलं आलं यांची नावं घेऊनच ती सोडायला सांगितली आहेत. फळ थोडं आणि घात मोठा, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब हॉटेलवाल्याने करावा अशी अपेक्षा कशी ठेवायची? तो आपणच करायचा.

फ्लॉवर-कोबीचं तर घराघरांत वेगळं आहे. काही घरांत बारीक कीड असते म्हणून बाराही महिने बंद, काही घरांत फक्त चातुर्मासात. मेनूकार्डावर मात्र 'जैन गोबी मंचुरियन' खुशाल छापलेलं असतं.

चीनमध्येही कांदा-लसूण सोडलेले लोक आहेत

आता ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ती सांगते. आपल्याला वाटतं, चिनी जेवण आणि कांदा-लसूण सोडणं यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दीड हजार वर्षांचा आहे.

सातव्या शतकात युआन श्वांग भारतात आला. शाळेत आपण त्याला ह्युएन त्संग म्हणून शिकलो. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. तेव्हा इथं दुसरा पुलकेशी राज्य करत होता. ऐहोळेला ज्या मेगुती जिनालयात जैन कवी रविकीर्तीचा प्रसिद्ध शिलालेख आहे, तो याच पुलकेशीच्या काळातला, इ. स. ६३४ चा. युआन श्वांगाने भारतातल्या लोकांच्या खाण्याबद्दल लिहून ठेवलं आहे की इथं कांदा आणि लसूण फार कमी खातात आणि जे खातात त्यांना गावाबाहेर घालवतात. त्याच्या दोनशे वर्षं आधी आलेल्या फाहियाननेही असंच काहीसं लिहिलं होतं. खाणाऱ्याला वाळीत टाकणं आपल्याला आज मुळीच पटणार नाही, आणि पटूही नये. पण कांदा-लसूण सोडण्याची चाल या देशात किती जुनी आहे हे एका चिनी प्रवाशाच्या लेखणीतून कळतं, हे विशेष.

तोवर ही चाल बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये पोचलेली होती. तिथल्या बौद्ध परंपरेत पाच उग्र वनस्पती वर्ज्य मानतात. कांदा, लसूण, त्यांच्याच जातीच्या दोन पाती, आणि पाचवा कोण असेल सांगा बरं? हिंग! आपण कांदा-लसणाची उणीव ज्या हिंगाने भरून काढतो, तोच त्यांनी यादीत घातला.

सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंना मांस आणि मद्य बंद केलं. हा ५०२ ते ५४९ या काळात राज्य करत होता. तेव्हापासून चिनी मठांत मांसाशिवायचा, कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाक वाढत गेला. टोफू, गव्हाच्या पिठातला चिकट भाग, कडधान्यं, तीळ यांतून त्यांनी शेकडो पदार्थ केले. आज थायलंडमध्ये साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास नऊ दिवस चिनी वंशाचे लोक असं जेवतात, आणि गाड्यांवर लाल अक्षराचे पिवळे झेंडे लागतात. तैवानमध्ये शाकाहारी पाकिटावर कांदा-लसूण आहे की नाही हे वेगळं छापावं लागतं. म्हणजे 'जैन' पाटीचीच ही लांबची बहीण.

पण इथं घाई करू नका. परदेशात पिवळा झेंडा दिसला म्हणून डोळे मिटून बसायचं नाही. त्यांचं कारण वेगळं आहे. कांदा-लसणाने राग आणि वासना वाढतात, ध्यानात विघ्न येतं, असं ते मानतात. तामसिक म्हणून सोडणं आपल्यालाही मान्य आहे, पण आपलं पहिलं कारण जीवांचं आहे. एका कंदात अनंत जीव, हे त्यांच्या विचारात नाही. त्यामुळे त्यांच्या मठात बटाटा, गाजर, मुळा, कमळाची मुळं आणि अळंबी आनंदाने शिजतात. ताट वरून सारखं दिसलं तरी नियम का पाळतो हे विसरलं, की नियम कुठं मोडला हेही कळत नाही.

पिठाचा कोंबडा

सम्राट वू याची आणखी एक गोष्ट आहे. ५१७ मध्ये त्याने राजघराण्याच्या पूर्वजांच्या पूजेत पशुबळी बंद केले आणि त्यांच्या जागी पिठाचे नैवेद्य ठेवायला सांगितले. जिवंत प्राणी वाचले, ही मोठीच गोष्ट झाली.

तुमच्यातल्या स्वाध्याय करणाऱ्यांना इथं यशोधर राजाची कथा आठवली असेल. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक चंपू' लिहिलं, त्यातली ही मुख्य कथा. वाईट स्वप्न पडलं म्हणून राजाच्या आईने देवीला बळी द्यायचा आग्रह धरला. राजाने जिवंत प्राणी मारायला नकार दिला. शेवटी आईच्या शब्दाखातर पिठाचा कोंबडा करून तो कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही, पण मनात मारण्याचा भाव होता. त्या भावापायी मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले.

एकाच पिठाकडे दोन परंपरांनी किती वेगळं पाहिलं! तिथं ती करुणेची पायरी ठरली. आपल्याकडे प्रश्न आणखी आत गेला: हात थांबला, पण मन थांबलं का?

चायनीजच्या गाडीवर 'व्हेज लॉलीपॉप' मिळतं. काडीला लावलेला कोबीचा गोळा, आकार मात्र कोंबडीच्या तंगडीचा. काही हॉटेलांत सोयाची 'मासळी' आणि गव्हाचं 'बदक' मिळतं. त्यात एकही निषिद्ध पदार्थ नसेलही. पण खाताना मुलाच्या मनात कशाची कल्पना तरळते? मी हे कुणावर लादत नाही. मांस सोडू पाहणाऱ्या माणसाला असे पदार्थ आधार देत असतील, तर त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्याने कधी खाल्लंच नाही, त्याला त्या आकाराची गोडी लावायची गरज काय? यशोधराची कथा मुलांना सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. माझा अनुभव असा आहे की गोष्ट कळली की मुलं आपल्याहून काटेकोर होतात.

बाटल्यांचा इतिहास

गाडीवर ओळीने मांडलेल्या बाटल्यांत काय असतं, तेही बघून घेऊ.

सोया सॉस पारंपरिक पद्धतीने करायचा तर सोयाबीन आणि गहू एका बुरशीच्या मदतीने आंबवून, मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात. स्वस्त सॉस आम्लाने झटपट तयार करतात आणि त्यात रंग घालतात. ज्या घरांत मर्यादेबाहेरचं लोणचंही चालत नाही, त्यांनी हा विचार करावा. व्हिनेगरच्या बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असेल तर ते न आंबवता केलेलं असतं.

अजिनोमोटो प्राण्यांपासून करतात असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. १९०८ मध्ये टोकियोतले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ती चव वेगळी काढली आणि १९०९ मध्ये ती विकायला आली. पूर्वी ते गव्हापासून करत, आता उसाची मळी किंवा टॅपिओका जिवाणूंनी आंबवून करतात. म्हणजे प्राणिज नाही, पण आंबवलेलं आहे.

ऑयस्टर सॉस मात्र नावाप्रमाणेच कालवांचा असतो. १८८८ मध्ये दक्षिण चीनमध्ये ली कुम शुंग यांच्या हातून तो पहिल्यांदा झाला असं मानतात. मिश्र हॉटेलात तो भाजीतही पडू शकतो. थाई करीच्या तयार वाटणात वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. 'व्हेज थाई करी' मागवताना हे विचारल्याशिवाय राहू नका.

आणि तो भडक लाल रंग! कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा नगरपालिकेत गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदीचा निर्णय झाला. धर्म बाजूला ठेवला तरी मुलांच्या पोटासाठी हे लक्षात ठेवायला हवं.

गाडी लागते त्या वेळी

हे सगळं नीट निघालं, तरी एक गोष्ट उरते आणि ती कुठल्याच मेनूकार्डावर नसते. चायनीजची गाडी लागते संध्याकाळी. दिवे लागतात, कढईत जाळ होतो, मुलं क्लासहून सुटतात. नेमकी तीच आपली जेवण आटपायची वेळ. ज्यांचा रात्रिभोजनत्याग आहे, त्यांच्यासाठी सूर्यास्तानंतर लसूण नसलेलं मंचुरियनही अभक्ष्यच. 'जैन' हा शब्द दिवसाचा की रात्रीचा, हे हॉटेलवाला सांगू शकत नाही.

तर मग काय करायचं?

मी माझ्या घरी काय करते ते सांगते. तुमच्या घरची रीत, तुमचा नियम तुम्हाला ठाऊक.

जायचं तर शुद्ध शाकाहारी ठिकाणी, आणि दिवसा. दुपारी गर्दी नसते, आचाऱ्यालाही ऐकायला वेळ असतो. "दादा, जैन आहे का?" असं मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. मी सुटं सुटं विचारते. गोळ्यात गाजर आहे का? आलं घालता का? वरून कांद्याची पात टाकता का? सॉस घरचा की बाटलीचा, आणि त्यात लसूण आहे का? नूडल्समध्ये अंडं आहे का? कढई धुऊन कराल का? हे सगळं गोड आवाजात विचारायचं. तोही कष्टाची भाकरी खातो, त्याच्यावर उपकार केल्यासारखं बोलायचं नाही. एखादं उत्तर मनासारखं आलं नाही तर साधा भात आणि डाळ मागवायची. त्यात कमीपणा कसला?

अष्टमी, चतुर्दशी, पर्युषण आणि दशलक्षण पर्वात बाहेरचं बंद. त्या दिवसांत घरीच शिमला मिरची, फरसबी आणि कोबी चालत असेल तर कोबी लांब चिरून नूडल्स करते. सोया सॉसच्या जागी चिंचेचा कोळ, थोडा गूळ, मिरपूड आणि सुंठ. तिरफळ मिळालं तर बी काढून एखादं ठेचून घालते. आता ठाऊक आहे तुम्हाला, ते शेजवानच्या जास्त जवळचं आहे!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे प्रश्न मुलांना स्वतः विचारू द्या. आज आपण बरोबर आहोत. उद्या लेक शिकायला बेंगळुरूला जाईल, मुलगा नोकरीला परदेशी जाईल, तिथं मेनूकार्डावर 'जैन' शब्द नसेलही. तेव्हा पाटी उपयोगी पडणार नाही, कारण ठाऊक असलेलं उपयोगी पडेल. ज्याला बटाटा का सोडला हे माहीत आहे, तो कुठल्याही देशाच्या ताटासमोर बसून काय खायचं आणि काय बाजूला ठेवायचं ते ठरवू शकतो.

कोलकात्याच्या चिनी माणसाने आपल्यासाठी मंचुरियन केलं, मुंबईच्या हॉटेलवाल्याने आपल्यासाठी त्यातून लसूण काढला. दोघांचेही आभार मानायचे. उरलेला विवेक आपल्या घरचा आहे.

तुमच्या घरी चायनीज कसं करता, आलं-लसणाशिवाय चव कशाने आणता, हे नक्की कळवा. चांगल्या युक्त्या पुढच्या लेखात सगळ्यांना सांगेन.

जय जिनेंद्र!